तेरा भागांत सात वर्षं कशी मावणार?

प्रश्न : भावाच्या हार्डडिस्कमध्ये 'गोल्डन बॉय' ही अमेरिकन पोलिस सिरीयल सापडली, दोन रात्रीत संपवली. वॉल्टर क्लार्क पुढे न्यूयॉर्कचा कमिशनर होणार हे पहिल्याच भागात सांगून टाकतात, पण झाला कसा ते शेवटपर्यंत कळतच नाही! दुसरा सीझन कुठे मिळेल? आणि नवखा डिटेक्टिव्ह सात वर्षांत कमिशनर होऊ शकतो का खरंच?
– एक वाचक, सांगली

उत्तर : दुसरा सीझन निघालाच नाही हो. सीबीएस या अमेरिकन चॅनेलवर फेब्रुवारी २०१३ ला सुरू झाली आणि मे मध्ये बंद केल्याचं जाहीरपण झालं. पहिले दोन भाग मंगळवारी दाखवले, मग उचलून शुक्रवारी रात्री टाकली, आणि शुक्रवारी रात्री तिकडे टीव्हीसमोर माणसं कमीच असतात. मला जास्त लागतं ते वेगळंच, त्याच चॅनेलवर त्याच रात्री पुढच्याच तासाला 'ब्लू ब्लड्स' लागायची, त्यातपण न्यूयॉर्कचा कमिशनर, टॉम सेलेकने केलेला, आणि ती २०१० पासून २०२४ पर्यंत चालली. म्हणजे खुर्चीत बसलेल्याला चौदा सीझन आणि खुर्चीपर्यंत पोचणाऱ्याला १३ भाग.

तुमचा दुसरा प्रश्न. न्यूयॉर्कचा कमिशनर महापौर नेमतो, ते बढतीने मिळणारं पद नाही, गणवेशातलंही नाही, त्यामुळे कागदावर ३४ वर्षांचा क्लार्क बसू शकतो. आपल्याकडे मुंबईचा आयुक्त आयपीएस असतो, फौजदार म्हणून भरती झालेल्याला सात वर्षांत ते शक्यच नाही.

पण मला विचाराल तर तो कमिशनर कसा झाला यापेक्षा कसला कमिशनर झाला हीच खरी गोष्ट होती. आठवतंय ना, पहिल्या भागात त्याचा जोडीदार डिटेक्टिव्ह ओवेन त्याला सांगतो, माणसाच्या आत दोन कुत्री भांडत असतात, एक चांगलं एक वाईट, आणि ज्याला जास्त खायला घालशील ते जिंकतं. हा ओवेन रिटायरमेंटला आलेला, सावकाश काम करणारा, आणि क्लार्क एका शौर्याच्या जोरावर थेट होमिसाइडला, म्हणजे खुनाच्या तपासाच्या पथकात, आलेला, त्याला सगळं आजच पाहिजे. ओवेन झालेला ची मॅकब्राइड बोलायला लागला की क्लार्क झालेल्या थिओ जेम्सचा चेहरा बघा, ऐकतोय असं दाखवतो पण डोकं पुढच्या केसमध्ये असतं. नवीन पोराची ही घाई इतकी खरी मी दुसऱ्या कुठल्या पोलिस सिरीयलमध्ये पाहिली नाही. त्यात समोर अरोयोसारखा खार खाऊन बसलेला सहकारी, आणि घरी बहीण, अ‍ॅग्नेस, जिच्यासाठी हा काहीही करेल. कुठल्या कुत्र्याला खायला घालतोय हे ठरायला खरंच सात वर्षं लागली असती.

तेव्हा परत बघाल तर खुनाच्या केसेस सोडून द्या, ओवेनचं तो कुठे ऐकतो आणि कुठे नाही तेवढंच धरून बघा.