युरोपला एकटी जाऊ का, आणि पैसे कुठून काढू?

नमस्कार ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं, एकदा आकड्यांसाठी आणि एकदा नुसतंच, कारण "मला स्वतःचा शोध वगैरे घ्यायचा नाहीये, फक्त हुंदडायचंय" हे वाक्य वाचून बरं वाटलं. माझ्याकडे पैशाचा सल्ला घ्यायला येणारे लोक ट्रिपला सुद्धा गुंतवणूक म्हणतात, त्यामुळे खर्चाला खर्च म्हणणारं कुणी भेटलं की काम सोपं होतं.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. ताई ३६ वर्षांच्या, डोंबिवलीत भाड्याने राहतात, हातात पगार ९२,०००. एप्रिलमध्ये सतरा दिवस एकटीने ॲमस्टरडॅम, प्राग, व्हिएन्ना, बुडापेस्ट करायचंय, खर्च त्यांनी २,६०,००० धरलाय. पैसे उभे करायला तीन वाटा सुचवल्यात: अडीच लाखाची एफडी मोडायची, नाहीतर वर्षभर एसआयपी (म्युच्युअल फंडातली दर महिन्याची गुंतवणूक) बंद ठेवायची, नाहीतर पर्सनल लोन. आई म्हणतेय त्यापेक्षा सोनं घेऊन ठेव, पुढेमागे उपयोगी पडेल.

माझं मत आधीच सांगून टाकतो: जा. फक्त ही ट्रिप नको, हिची धाकटी बहीण चालेल.

आधी तुमचे २,६०,००० बघू, कारण गडबड तिथेच आहे. तुम्ही हॉटेलचे दर बघितलेत ते बहुतेक नोव्हेंबरचे आहेत हो. एप्रिलमध्ये ट्युलिपच्या दिवसात ॲमस्टरडॅमला साधी खोली १२० युरोच्या खाली मिळाली तर पेढे वाटा, आणि वर तिथे खोलीच्या भाड्यावर साडेबारा टक्के टुरिस्ट टॅक्स लागतो, म्हणजे चार रात्रीचे ५४० युरो गेले. प्रागला ६०, व्हिएन्नाला ८०, बुडापेस्टला ५० असा दर धरून चार-चार रात्री केल्या तर सगळं राहणं मिळून १,३०० युरो. युरो शंभरीच्या पुढे गेलाय, मी हिशोबाला ११० धरतो म्हणजे नंतर रडायला नको, तर हे झाले १,४३,०००. खाणं आणि शहरातलं फिरणं रोजचे ४५ युरो म्हणजे जवळपास ८४,०००. विमान ६५,०००. व्हिसाची फी ९० युरो, त्यावर व्हिसा सेंटरचा चार्ज, इन्शुरन्स, फोटो, ये-जा, असे १५,००० बाजूला ठेवा. शहरांमधला प्रवास, तिकिटं, सिम, घरच्यांसाठी चॉकलेटं असं सगळं धरलं की आकडा साडेतीन लाखाला टेकतो. म्हणजे नव्वद हजाराची तफावत, आणि ती तुम्हाला तिकडे पोचल्यावर क्रेडिट कार्डच्या बिलात दिसली असती.

आता एफडी. घरभाडं २४, घरखर्च २२, गावी आई-बाबांना १०, विम्याचा हप्ता ४, म्हणजे महिन्याला ६०,००० तुम्हाला टाळताच येत नाहीत. तुमच्या एफडीचे अडीच आणि सेव्हिंगमधले एक लाख दहा मिळून ३,६०,००० होतात, बरोब्बर सहा महिन्यांची शिदोरी, एक रुपया जास्त नाही. एकट्या कमावत्या बाईची ही शिदोरी मी कुणालाही युरोपात नेऊ देणार नाही, तुमच्या कंपनीत आत्ता सगळं छान चाललंय असं तुम्ही लिहिलंय तरी. छान चाललेलं असताना कुणी एफडी मोडत नाही आणि बिघडल्यावर ट्रिपचे पैसे परत येत नाहीत. हा पर्याय बंद.

पर्सनल लोन. तीन लाख, चौदा टक्के, दोन वर्षं: हप्ता साधारण १४,४०० बसतो आणि व्याजापोटी पंचेचाळीस हजारांच्या वर जातात, प्रोसेसिंग फी वेगळी. आत्ता एसआयपीचे २०,००० गेल्यावर तुमच्या हातात महिन्याला १२,००० उरतात, मग १४,४०० कुठून भरणार? आणि "आधी फिरा, नंतर भरा" वाल्या नो कॉस्ट ईएमआयच्या जाहिरातीत सुद्धा बघा, कॉस्ट कुठेतरी असतेच, तिकिटाच्या किमतीत नाहीतर फीमध्ये. हा पण बंद.

राहिली एसआयपी. इथे माझ्या धंद्यातले लोक एक चार्ट काढून घाबरवतात: महिना २०,००० प्रमाणे वर्षभर बंद ठेवलीत तर २,४०,००० गुंतले नाहीत, ११ टक्क्यांनी वीस वर्षांत ते एकोणीस लाख झाले असते, म्हणजे तुमची ट्रिप एकोणीस लाखाला पडली! गणित बरोबर आहे, पण अर्धंच आहे. महागाई ६ टक्के धरून ते एकोणीस लाख आजच्या पैशात आणलेत तर सहा लाखाच्या आसपास येतात, आणि ११ टक्के मिळतीलच असं कुणी लिहून दिलेलं नाही. या हिशोबाने माणसाने वडापाव सुद्धा खाऊ नये. त्यामुळे एसआयपीला हात लावणं पाप आहे असं मी म्हणणार नाही, पण वर्षभर पूर्ण बंद नको. एकदा बंद केलेली एसआयपी परत चालू करायला लोक दोन-दोन वर्षं लावतात हे मी रोज बघतो. सहा महिने निम्मी करा, २०,००० ची १०,०००, आणि मे महिन्यात परत वीसवर न्यायची तारीख आत्ताच मोबाईलमध्ये टाकून ठेवा.

आईच्या सोन्याबद्दल एवढंच, की सोनं वाईट नाही पण तुम्ही ते घेणार नाही आहात, खरा सामना ट्रिप विरुद्ध सोनं असा नाहीच, ट्रिप रद्द झाली तर ते पैसे सहा महिन्यांत कुठेतरी झिरपून जातील. आईला हे माझ्या नावावर सांगा हवं तर.

आता धाकटी बहीण. ॲमस्टरडॅम काढा. तुमचा जीव ट्युलिपवर असेल तर ती वेगळी ट्रिप, क्यूकेनहॉफची बाग मार्चच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंतच उघडी असते, कधीतरी आठवडाभराची फक्त तीच करा. उरलेली तीन शहरं एका रेषेत आहेत, प्राग ते व्हिएन्ना ट्रेनने चार तास, तिथून बुडापेस्ट तीन तासांच्या आत. विमान मल्टी-सिटी बघा, एका शहरात उतरायचं आणि दुसऱ्यातून परत, म्हणजे मागे यायचे पैसे आणि दिवस वाचतात. बारा दिवस, अकरा रात्री: प्राग चार, व्हिएन्ना तीन, बुडापेस्ट चार. राहणं ६८० युरो, खाणं-फिरणं रोजचे ४० धरून ४८०, ट्रेन ४५, तिकिटं ९०. रुपयात साधारण १,४२,५००. त्यात विमान, व्हिसा आणि सिमसारख्या किरकोळीचे ८,००० घाला, झाले २,३०,०००.

आणि पैसे: दिवाळीचा बोनस हातात ८५,०००, नोव्हेंबर ते एप्रिल महिन्याचे उरणारे १२,००० म्हणजे ७२,०००, एसआयपीचे ६०,०००. बेरीज २,१७,०००. तेरा हजार कमी पडतात ते तुम्हीच पत्रात देऊन ठेवलेत, महिना ७,००० चं ऑनलाइन जेवण मागवता ना, त्यातले २,२०० सहा महिने वाचवा. काठावर बसतंय हे मलाही दिसतंय, म्हणून सेव्हिंगमधले वीस हजार, फक्त वीस, अडीअडचणीला वापरायची मोकळीक, आणि वापरलेत तर मे-जूनमध्ये भरून काढायचे. ते भरून होईपर्यंत नवीन फोन नाही.

व्हिसाचं जरा नीट ऐका कारण इथे पैसे फुकट जातात. अर्ज निघायच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी, पण शेवटपर्यंत थांबू नका, वसंतात गर्दी असते. तिन्ही देशांना मिळून व्हिसा एकच, म्हणून जिथे जास्त रात्री त्या देशाकडे अर्ज, आणि तुमच्या प्राग-बुडापेस्टच्या रात्री सारख्याच आहेत, अशा वेळी जिथे पहिल्यांदा उतरणार त्या देशाकडे. इन्शुरन्स किमान ३०,००० युरोचा लागतो. बँक स्टेटमेंट बघतात, त्यामुळे मैत्रिणीकडून दोन लाख घेऊन आदल्या आठवड्यात खात्यात टाकायचा उद्योग नको, तुमचा महिन्याच्या महिन्याला साठत गेलेला पैसा जास्त बरा दिसतो. ऑफिसचं रजेचं पत्र आत्ताच मागून ठेवा. व्हिसा हातात येईपर्यंत हॉटेलं कॅन्सल होणारीच घ्या, आणि ऑस्ट्रियन रेल्वेची श्पारशीने नावाची स्वस्त तिकिटं परत होत नाहीत म्हणून ती व्हिसानंतर.

पॅकेज टूरची चौकशी केलीत तर एक लक्षात ठेवा, परदेशी पॅकेजवर पहिल्या रुपयापासून टीसीएस, म्हणजे टूरवाल्याने आधीच घेतलेला इन्कम टॅक्स, कापतात. तो बुडत नाही, रिटर्न भरताना मिळतो, पण तोपर्यंत अडकतो. स्वतः एकेक बुक केलं तर तुमच्या रकमेला तो प्रश्नच येत नाही.

कार्डाचं पण बघा. साध्या क्रेडिट कार्डावर परदेशात साडेतीन टक्के मार्कअप (बँकेचा जादा आकार) आणि त्यावर जीएसटी, म्हणजे चार टक्क्यांच्या वर, तुमच्या तिकडच्या सगळ्या खर्चावर सहा हजाराला चाट. युरोचं फोरेक्स कार्ड (आधीच परदेशी चलन भरून ठेवलेलं कार्ड) घ्याल तर प्रागला कोरुना आणि बुडापेस्टला फोरिंट चालतो, तिथे परत क्रॉस करन्सीचा चार्ज. त्यापेक्षा शून्य मार्कअपचं एखादं डेबिट किंवा क्रेडिट कार्ड निघण्याआधी महिनाभर घेऊन इथे एकदा वापरून बघा. माझी स्वतःची गोष्ट सांगतो, प्रागला जुन्या चौकाजवळ एका एटीएमसमोर उभा होतो, पाऊस, मागे रांग, आणि स्क्रीनवर आलं की रुपयात पैसे कापू का, मला वाटलं वा, काय सोय आहे, दाबलं. त्या एका बटणात हजारभर रुपये गेले आणि मी लोकांना पैशाचे सल्ले देतो! नेहमी तिथल्या चलनातच कापा म्हणायचं, दुकानात मशीन पुढे केलं तरी.

मजेत कात्री लावू नका मात्र. व्हिएन्नाच्या नळाला आल्प्समधून पाइपने आलेलं झऱ्याचं पाणी आहे, बाटली भरून घ्या आणि ते वाचलेले युरो केकवर घाला. स्टेट ऑपेराला उभ्याने बघायची तिकिटं असतात, साध्या जेवणाच्या भावात, तिथे पोचल्यावर आपल्या जागेच्या कठड्याला स्कार्फ बांधायचा म्हणजे जागा आपली झाली, मग खुशाल पाय मोकळे करायला जा. आपल्या एसटीत खिडकीतून रुमाल टाकायचो तसंच, फक्त झुंबरं लागलेली असतात. बुडापेस्टला सेचेनीच्या गरम पाण्याच्या कुंडात मात्र पैसे द्या आणि अर्धा दिवस पडून राहा, त्याचे ९० युरोत धरलेत मी.

तारखांचं राहिलं. ईस्टर कधी येतोय ते कॅलेंडरवर बघून तो आठवडा टाळा, खोल्या महागतात. २१ एप्रिल ते २ मे जमवलंत तर १ मेची महाराष्ट्र दिनाची सुट्टी आत येते, एक रजा वाचते. आणि प्रागला १ मे म्हणजे प्रेमाचा दिवस, पेट्रिन टेकडीवर माखा नावाच्या कवीचा पुतळा आहे, जोडपी तिथे जातात आणि फुललेल्या चेरीच्या झाडाखाली एकमेकांचा मुका घेतात. तुम्ही एकट्या, तर आइस्क्रीम घेऊन बाकावर बसा आणि बघा गंमत. पण त्यासाठी प्राग शेवटी ठेवावं लागेल, बुडापेस्टला उतरायचं आणि उलटं वर जायचं, म्हणजे मग अर्ज चेक प्रजासत्ताकाकडे नाही, हंगेरीकडे. तिकीट काढायच्या आधी हे एकदा ठरवा आणि मला कळवा.