टूरिंग बाईकला घरी एअर सस्पेन्शन बसवलं, पण रात्रीत मागची बाजू खाली बसते. का?

बहुतेक वेळा एअर बॅग (स्प्रिंगऐवजी बाईक पेलणारी हवेची पिशवी) नाही, हवेच्या नळीचा जोड गळतो. नळी पक्कडीने कापली की तोंड चेपतं आणि पुश फिटिंगमधली (नळी नुसती दाबून बसवायचा जोड) ओ-रिंग, म्हणजे रबराची गोल कडी, तिला नीट धरत नाही. धारदार ब्लेडने काटकोनात कापा, आत टेकेपर्यंत दाबा. टेफ्लॉन टेप फक्त निमुळत्या आट्यांवर, तीही पहिला आटा मोकळा सोडून. टेपचा तुकडा व्हॉल्व्हमध्ये अडकला तर व्हॉल्व्हच गळायला लागतो. मग हवा भरून प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी लावा, बुडबुडे दिसतील.

हवा भरणाऱ्या कॉम्प्रेसरचा करंट हँडलवरच्या स्विचमधून नेऊ नका, स्विच जळतो. बॅटरीजवळ फ्यूज, पुढे रिले (स्विचच्या छोट्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा भाग).

आणि हे कृपा करून कराच: हवा पूर्ण सोडून टायर मडगार्डला, नळी सायलेन्सरला लागत नाही ना, ते बघा. खाली बसलेली बाईक चालवू नका. वळणावर फूटबोर्ड रस्त्याला घासतो.