कर्ज काढून विधी विद्यापीठ, की जिल्ह्याचे विधी महाविद्यालय?

प्रश्न : बाभुळगाव तालुक्यात आमची सात एकर कोरडवाहू शेती आहे. मुलगी बारावीला असून तिला राष्ट्रीय विधी विद्यापीठात शिकून मुंबईच्या मोठ्या लॉ फर्ममध्ये जायचे आहे. त्यासाठी कर्ज काढावे लागेल. नातलग म्हणतात, यवतमाळ किंवा अमरावतीलाच वकिली शिकवा. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांचा विचार करता आम्ही काय करावे?
– एक पालक, जि. यवतमाळ

उत्तर : पदवी कोठलीही असो, अखिल भारतीय बार परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर न्यायालयापुढे उभे राहण्याचा अधिकार सारखाच असतो. फरक आहे तो मोठ्या फर्मच्या दारापाशी, कारण या फर्म नव्या वकिलांची निवड मुख्यतः मोजक्या विधी विद्यापीठांतून करतात आणि तेथेही वरच्या गुणांच्या मुलांनाच आधी बोलावतात. पहिल्याच वर्षी मिळणारा पगार तालुक्याच्या वकिलाला अनेक वर्षे दिसत नाही. मात्र काम कंपन्यांचे करार तपासण्याचे असते, रात्री उशिरापर्यंत चालते, आणि भागीदारीपर्यंत थोडेच पोहोचतात.

जिल्हा न्यायालयाची वाट याच्या उलट आहे. मी स्वतः पहिली तीन वर्षे ज्येष्ठ वकिलांकडे ज्युनिअर होतो, तेव्हा घरून पैसे मागवावे लागत. पण वाटणीचा एखादा दावा किंवा भूसंपादनातील वाढीव मोबदल्याचे एखादे प्रकरण नीट चालवले की त्या गावातले पुढचे पक्षकार आपणहून येतात, आणि बेंबळा धरण प्रकल्पाच्या आपल्या तालुक्यात हे मी वेगळे सांगायला नको. अमरावतीचे न्या. भूषण गवई यांनी 1985 मध्ये वकिली सुरू केली, पुढे प्रामुख्याने नागपूर खंडपीठापुढे काम केले आणि 2025 मध्ये ते सरन्यायाधीश झाले. त्यांच्या घराला सार्वजनिक जीवनाची मोठी पार्श्वभूमी होती हे मान्य करूनही, विदर्भात राहून केलेली वकिली लहान नसते एवढे त्यातून नक्की दिसते.

माझ्या मते खरा प्रश्न कर्जाचा आहे. शिक्षण संपल्यावर साधारण वर्षभरात हप्ता सुरू होतो, आणि तो जड असेल तर मुलीला फर्मची नोकरी आवडो न आवडो, धरून ठेवावीच लागेल. उद्या तिला न्यायाधीश व्हावेसे वाटले, तर सर्वोच्च न्यायालयाच्या मे 2025 च्या निर्णयाप्रमाणे आधी तीन वर्षे वकिली करावी लागेल. त्या तुटपुंज्या कमाईच्या वर्षांत हप्ता कोण भरणार?

म्हणून तिला क्लॅट (राष्ट्रीय विधी विद्यापीठांची सामायिक प्रवेश परीक्षा) आणि राज्यातील विधी महाविद्यालयांसाठीची विधी सीईटी, दोन्ही देऊ द्या. क्लॅट इंग्रजीतूनच होते, तेव्हा वाचनाचा सराव आतापासून हवा. नागपूरच्या महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठात प्रवेश मिळाला, तर विनातारण कर्ज जरूर घ्या. साडेसात लाखांपर्यंत बँका सर्वसाधारणपणे तारण मागत नाहीत. मात्र सातबाऱ्यावर बोजा चढवून एखाद्या महागड्या खासगी महाविद्यालयात पाठवू नका. त्यापेक्षा अमरावती बरी.

आणि परीक्षा संपताच तिला आठवडाभर यवतमाळच्या न्यायालयात एखाद्या ओळखीच्या वकिलांसोबत बसू द्या. तारखा कशा पडतात आणि साक्षी कशा होतात, हे तिने प्रवेशाचा अर्ज भरण्यापूर्वी पाहिलेले असावे.