परदेशी बँकेचा खोटा ड्राफ्ट: मूळ कागद हातातून सोडू नका

टॉवेलच्या ऑर्डरपोटी आलेला परदेशी बँकेचा ड्राफ्ट खोटा निघाला, आणि पोलिसांकडे तक्रारीला गेलात तर "कागद बाहेरच्या देशातला, इथं गुन्हा बसत नाही" म्हणून परत पाठवलं, असं तुम्ही लिहिलंय. हेच वाक्य मी २०१३ साली ऐकलंय. तेव्हा सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत माझे सहा माग होते. 'ड्राफ्ट बिलापेक्षा मोठा आहे, जास्तीची रक्कम एजंटाला पाठवा' वगैरे सगळं माझ्याही बाबतीत झालं, ते उगाळत नाही.

मी वकील नाही, चूक असेल तर जाणकारांनी सांगावं. पण ते वाक्य निव्वळ थाप आहे. ही पळवाट बुजवायला ब्रिटिश संसदेनं १८०३ सालीच परदेशी हुंड्या आणि वचनचिठ्ठ्यांच्या बनावटीविरुद्ध वेगळा कायदा केला होता. आपल्या १८६० च्या दंडसंहितेत नाण्यांबाबत भेद होता: राणीचं नाणं पाडलं तर जबर शिक्षा, परकं पाडलं तर कमी. मूल्यवान रोख्याच्या (म्हणजे कायदेशीर हक्क देणारा कागद, ड्राफ्टही त्यातच) व्याख्येत मात्र देशाचा उल्लेखच नाही. असा रोखा खोटा बनवला तर कलम ४६७, जन्मठेप किंवा दहा वर्षांपर्यंत कैद. खोट्या नोटांचं कलम वेगळं, ते भारतीय चलनापुरतंच असं केरळ उच्च न्यायालयालाही वाटलं होतं. १९८६ साली सर्वोच्च न्यायालयानं ते खोडून काढलं, खोटे डॉलरही त्यात येतात म्हणाले. १ जुलै २०२४ नंतरचं प्रकरण असेल तर जुन्या दंडसंहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेची कलमं ३३८ आणि ३४० बघा.

एवढं सगळं मला नंतर कळलं. माझा घात वेगळ्याच गोष्टीनं केला. बँकेकडून परत आलेला मूळ ड्राफ्ट मी तक्रार द्यायला गेलो त्या कार्यालयात टेबलावर ठेवून आलो. पोच नाही, झेरॉक्सवर सही-शिक्का नाही. "राहू द्या इथं, साहेब बघतील." साहेबांची बदली झाली, नवे म्हणाले आमच्याकडे असा कागदच नाही. आठ महिने हेलपाटे. एकदा तर जेवणाची सुट्टी साडेचारपर्यंत चालली, काय बोलणार!

त्या ड्राफ्टची पाण्याची खूण (वॉटरमार्क) उजेडात न धरताही दिसायची, राखाडी शाईत छापलेली. ओलं बोट फिरवलं की बोटाला रंग यायचा. बनावट दाखवायला ते उपयोगी पडलं असतं. झेरॉक्स अजून कपाटात आहे, तिच्यावर बोट फिरवून काय उपयोग?

पाकीटही टाकू नका, त्यावर टपालाचा शिक्का असतो. तक्रार घेत नसतील तर लेखी अर्ज वरिष्ठांकडे स्पीड पोस्टानं, तरीही नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. आणि खात्यात 'जमा' दिसलं म्हणून माल सोडायचा नसतो. कलेक्शन होऊन, म्हणजे परदेशी बँकेकडून खरंच वसूल होऊन येईपर्यंत ते पैसे तुमचे नाहीत. मला हे बँकेतल्या कुणीच सांगितलं नव्हतं, असो.

तुमचा मूळ ड्राफ्ट आत्ता कुणाकडे आहे, ते आधी सांगा.