फोनवर ‘जवळचं होमस्टे’ दाखवणारं वेब ॲप: लोकेशन का येत नाही आणि अंतर का चुकतं?

दापोली-गुहागर पट्ट्यातली होमस्टे दाखवणारं तुमचं पान लॅपटॉपवर चालतं, पण फोनवर लोकेशनची परवानगीच मागत नाही, याचं कारण बहुतेक एचटीटीपीएस. ब्राउझर फक्त सुरक्षित पत्त्यावर लोकेशन देतो. लोकलहोस्टला, म्हणजे लॅपटॉपच्या स्वतःच्याच पत्त्याला, सूट आहे; फोनवर उघडलेल्या लॅपटॉपच्या १९२.१६८ वाल्या वाय-फाय पत्त्याला नाही. चाचणीसाठी एचटीटीपीएस टनेल (लॅपटॉपवरच्या पानाला तात्पुरता सुरक्षित पत्ता देणारी सेवा) वापरा किंवा पान सरळ होस्ट करा. परवानगीही पान उघडताक्षणी मागू नका, ‘माझ्या जवळचं’ हे बटण दाबल्यावर मागा. एकदा नकार मिळाला की ब्राउझर सहसा पुन्हा विचारत नाही.

लोकेशन दोन टप्प्यांत घ्या. आधी हाय ॲक्युरसी (जास्त अचूकता) बंद, टाइमआउट (वाट पाहायची मर्यादा) १० सेकंद, मॅक्झिमम एज (जुनं लोकेशन किती जुनं चालेल) ५ मिनिटं; म्हणजे यादी लगेच दिसते. मग हाय ॲक्युरसी चालू करून वॉच पोझिशन, म्हणजे लोकेशन सतत घेत राहणं, लावा. इथे टाइमआउट ५ सेकंद ठेवू नका. रेंज नसेल तर फोनला उपग्रहाच्या कक्षेची माहिती थेट उपग्रहाकडूनच घ्यावी लागते आणि जीपीएस ती दर ३० सेकंदांनी पुन्हा पाठवतो. घाटात, दाट झाडीत आणखी वेळ जातो. टाइमआउट निदान ६० सेकंद द्या आणि हवी तितकी अचूकता मिळाली की क्लिअर वॉचने ते थांबवा, नाहीतर बॅटरी संपते. ॲक्युरसीचा आकडा मीटरमध्ये येतो. तो २००० असेल तर मोबाइल टॉवरवरून काढलेला अंदाज समजा आणि ‘८०० मीटरवर’ असं छातीठोकपणे लिहू नका.

कोकणात खरी गोची खाड्यांची. दाभोळच्या धक्क्यावरून वाशिष्ठीपलीकडचं धोपावे समोर दिसतं, सरळ रेषेतलं अंतर काढणारं हॅवरसाइन सूत्र तिथलं होमस्टे यादीत सर्वांत वर आणतं; पण फेरीबोट चुकली तर चिपळूणकडून मोठा वळसा पडतो. जयगड-तवसाळलाही तेच. म्हणून प्रत्येक नोंदीला ‘खाडीचा काठ’ असा कॉलम ठेवा. काठ वेगळा निघाला तर ‘फेरीने’ आणि ‘रस्त्याने’ अशी दोन अंतरं दाखवा, फेरी बंद असण्याच्या वेळेत पहिलं लपवा. रस्त्याचं अंतर राउटिंग (मार्ग काढणाऱ्या) सेवेकडून घ्या, पण फेरीच्या वेळा तिच्यावर सोडू नका. त्या जेटीवरून विचारून स्वतः भरा.

जिओजेसन या नकाशाच्या डेटा फॉरमॅटमध्ये रेखांश आधी असतो, लीफलेट या नकाशा दाखवणाऱ्या लायब्ररीला अक्षांश आधी लागतो. गुहागरचे साधारण १७ आणि ७३ उलटे पडले तर पिन नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात जाते. नकाशा रिकामा दिसला तर पहिल्यांदा हेच तपासा.