पहिल्या पॉवरलिफ्टिंग स्पर्धेआधी टोटल किती असावं?

दोन वर्षं जिम करताय, स्क्वॉट (बार खांद्यावर घेऊन बसून उठणं), बेंच (आडवं पडून बार छातीवरून ढकलणं) आणि डेडलिफ्ट (बार जमिनीवरून उचलणं) या तिन्ही लिफ्टचं मिळून टोटल 380 किलो होतं, आता उतरू की वर्षभर थांबू, असं विचारलंय तुम्ही. उतरा. जिल्हा स्पर्धेत टोटलची अट मी तरी पाहिलेली नाही. पण ते 380 नक्की कुठले, ते आधी बघा. जिमचे असतील तर त्यातले वीस-पंचवीस आत्ताच वजा करा.

माझ्या पहिल्या स्पर्धेत मी 63 किलो गटात होते. काट्यावर 62.7 भरले, वर दोन केळी खाल्ली, सगळं झकास. स्क्वॉटच्या वॉर्मअपला 85 घेतले आणि तेच घशाशी आले. मी आमच्या कोच सरांना म्हटलं, ओपनर (पहिल्या प्रयत्नाचं वजन) शंभर दिलाय तो नव्वद करू या, अजून बदलता येतोय. सर म्हणाले, "अगं, जिममध्ये 107 मारतेस आणि इथं नव्वद? लोक हसतील." मी गप्प बसले.

पहिला स्क्वॉट : पंचांचे तीन लाल दिवे, म्हणजे बाद. पुरेसं खाली बसलेच नव्हते. आता खाली यायची सोयच नाही, एकदा मागितलेलं वजन कमी करता येत नाही. पुन्हा शंभर. या वेळी बसले खोल, उठलेही, पण 'रॅक' (बार स्टँडवर ठेवा, हा पंचांचा हुकूम) ऐकायच्या आधीच पाय पुढे टाकला. लाल. तिसऱ्याला घाबरून पुन्हा अर्धवट. संपलं. स्क्वॉटच नाही तर टोटल कसलं? बेंच, डेडलिफ्ट खुर्चीत बसून बघितले.

सर अजून सांगत फिरतात की पंच दुसऱ्या जिमच्या बाजूचे होते. भावानं बाजूनं काढलेला व्हिडिओ माझ्याकडे आहे. मांडी गुडघ्याच्या वर आहे, चांगली चार बोटं. पंच बरोबर होते. आमच्या जिममध्ये स्क्वॉट आरशासमोर होतो, आणि समोरून बघितलं की प्रत्येकाला आपण खाली गेलोय असंच वाटतं. व्हिडिओ सरांना पाठवला. निळ्या टिकल्या आल्या, उत्तर नाही.

पुढच्या स्पर्धेत 85 नं उघडलं. मग 92.5, मग 97.5. तिन्ही पांढरे. कोणी हसलं नाही. खरं तर दुसऱ्याचा ओपनर बघायला तिथं वेळ असतो कुणाला?

तेव्हा मोबाइल कमरेच्या उंचीवर बाजूला लावून स्क्वॉट काढा, बेंचला बार छातीवर थांबवून कुणाला तरी 'प्रेस' म्हणायला लावा, आणि मग टोटल मोजा. ओपनर म्हणजे झोप नीट झालेली नसतानाही तीनदा निघेल असं वजन. तो तुम्हीच ठरवा, कोच कितीही मोठा असो. वजन घटवून खालच्या गटात जायचं खूळ पहिल्या वेळी नकोच.

हां, मी कोच नाही, आणि संघटनेगणिक नियम थोडे बदलतात, तेव्हा फॉर्म भरताना नियमावली मागून घ्या. पोशाखाचं पान तर वाचाच. डेडलिफ्टला नडगी झाकणारे लांब मोजे लागतात, हे मला दुसऱ्या स्पर्धेत ऐन वेळी कळलं आणि भावाचे फुटबॉलचे घालावे लागले. धुतलेले नव्हते.