केनियाची सफारी रॅली इतकी अवघड का मानतात? आणि धावपटूंच्या देशाला मोटारींचं वेड कसं लागलं?

तुमच्या दोन्ही प्रश्नांचं उत्तर केनियाच्या जमिनीत आहे. मी बरीच वर्षं जागतिक रॅली स्पर्धा, म्हणजे खडतर रस्त्यांवरच्या मोटारींच्या शर्यती, पाहतोय, आणि भूगोलाचा खेळावर इतका उघड ठसा मला दुसऱ्या कुठल्याच रॅलीत दिसलेला नाही.

केनियातून विषुववृत्त जातं, म्हणून सगळा देश सखल आणि दमट असेल असं वाटतं. पण मोम्बासाचा किनारा सोडला की जमीन चढत जाते. नैरोबी साधारण १७०० मीटरवर आहे. पलीकडे रिफ्ट व्हॅली, म्हणजे भूकवच ताणून फाटल्यामुळे तयार झालेली प्रचंड खचदरी. तिच्या तळाशी असलेलं नैवाशा तळंसुद्धा १८०० मीटरच्या वर आहे. आजची रॅली मुख्यतः या भागात होते.

या खोऱ्यात ज्वालामुखींची राख पसरलेली आहे. तिची पिठासारखी बारीक धूळ चाकोऱ्यांत साचते. रॅलीवाले तिला ‘फेशफेश’ म्हणतात. वरून रस्ता सपाट दिसतो आणि खाली खड्डा किंवा दगड दडलेला असतो. चाक आत गेलं की धूळ बॉनेटवरून उसळून काचेवर येते, चालकाला समोरचं काही दिसत नाही आणि एअर फिल्टर तुंबायला लागतो. म्हणून इथे गाड्यांना छपरापर्यंत नेलेली हवेची नळी, म्हणजे स्नॉर्केल, बसवतात. २०२१ मध्ये बेल्जियमचा चालक थिएरी नोविल शेवटच्या दिवशी आघाडीवर होता. त्याच्या गाडीचं सस्पेन्शन, म्हणजे चाकांचे धक्के झेलणारी यंत्रणा, तुटलं आणि रॅली फ्रान्सच्या सेबास्तियन ओजिएने जिंकली.

जुनी सफारी तर याहून कठीण. १९५३ मध्ये राणी एलिझाबेथच्या राज्याभिषेकानिमित्त ती सुरू झाली. तेव्हा आजच्यासारखे रस्त्याचे ठरावीक टप्पे इतर वाहतुकीला बंद करून वेळ मोजत नसत. एका नाक्यापासून दुसऱ्या नाक्यापर्यंत पोचायची वेळ ठरलेली, आणि उशिराच्या प्रत्येक मिनिटाला पेनल्टी. रस्त्यावर ट्रक, गुरं, जंगली जनावरं सगळंच. त्यात ती ईस्टरच्या सुमारास, म्हणजे मोठ्या पावसाच्या तोंडावर. नैरोबीजवळच्या मैदानांत आपल्यासारखीच काळी कापसाची जमीन आहे. पावसात विदर्भातल्या शेतवाटेवर रुतलेला ट्रॅक्टर ज्याने पाहिलाय, त्याला १९६३ आणि १९६८ च्या रॅलीत फक्त ७ गाड्या शेवटपर्यंत का पोचल्या ते वेगळं सांगायला नको.

अशा रॅलीत वेगापेक्षा वाट ओळखणाऱ्याला आणि गाडी जपणाऱ्याला महत्त्व. म्हणूनच युरोपातले नामवंत चालक इथे वर्षानुवर्षं हरत राहिले आणि स्थानिक चालक जिंकत राहिले. त्यांतले दोन सर्वांत मोठे भारतीय वंशाचे. केरिचोत जन्मलेल्या जोगिंदर सिंग यांनी १९६५ मध्ये भाऊ जसवंत यांना सोबत घेऊन व्होल्वोतून रॅली जिंकली, आणि १९७४ व १९७६ मध्ये मित्सुबिशीतून पुन्हा. शेखर मेहता यांनी तर ५ वेळा: १९७३ आणि मग १९७९ ते १९८२ सलग चार वर्षं. १९७३ ला त्यांची आणि हॅरी शेलस्ट्रोम यांची पेनल्टी अगदी समान झाली होती. पेनल्टीशिवाय जास्त अंतर गेल्यामुळे मेहता विजेते ठरले. आपल्याकडे खेळावर इतकं लिहिलं जातं, तरी ही दोन नावं फार थोड्यांना माहीत असतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता धावपटू. हीच उंची मोटारीला त्रास देते, कारण हवा विरळ असल्याने इंजिनाची ताकद घटते. पण त्याच हवेत वाढलेल्या माणसाच्या रक्तात ऑक्सिजन वाहून नेण्याची क्षमता जास्त येते. रिफ्टच्या काठावरचं इटेन हे गाव सुमारे २४०० मीटरवर आहे आणि जगभरचे धावपटू तिथे सरावाला जातात. १९६८ चं ऑलिंपिकही उंचावरच्या मेक्सिको सिटीत झालं. केनियाच्या किप केनो यांनी तिथे १५०० मीटरचं सुवर्ण जिंकलं. पुरुषांच्या स्टीपलचेसमध्ये, म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत धावायच्या शर्यतीत, तर १९६८ ते २०१६ पर्यंत केनिया ज्या ज्या ऑलिंपिकमध्ये उतरला, तिथलं सुवर्ण त्यांनीच नेलं. अर्थात नुसत्या उंचीने हे होत नाही. उंचावरचे देश इतरही आहेत. इथे लहानपणापासूनची शाळांतली स्पर्धा आणि गटाने करायचा सराव मोठं काम करतो.

रॅली २००२ नंतर जागतिक मालिकेतून बाहेर पडली होती, २०२१ ला परतली. पहिल्यांदा पाहणार असाल तर आघाडीवर कोण आहे याकडे फार लक्ष देऊ नका. खडकाळ वळणावर कोण वेग आवरतो आणि कोणाचे टायर शाबूत राहतात ते बघा. शेवटच्या दिवशी बहुतेक वेळा त्यातलाच कुणीतरी पुढे असतो.